फ्रीमाँटची जुनी मोटार

एरवी मी तुमच्याशी बोलतो ते बीजप्रक्रियेबद्दल, हुमणीबद्दल, नाहीतर ठिबकच्या अनुदानाबद्दल. आज जरा वाट वाकडी करून तुम्हांला लांबच्या मुलखात नेणार आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी महिन्याची अर्जित रजा टाकली, परदेशी जाण्याची खात्याची परवानगी काढली आणि सौभाग्यवतींसह अमेरिकेला लेकीकडे जाऊन आलो. खरिपाची धांदल सुरू होण्यापूर्वी हजर व्हायचे, या अटीवर साहेबांनी रजा दिली होती. तेथे पाहिले पुष्कळ, पण मनात घर करून राहिली ती एका जुन्या मोटारीची हकिगत. तीच सांगतो.

लेक राहते ते गाव फ्रीमाँट. कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेकडच्या काठाला ते आहे. १९५६ साली पाच लहान गावे एकत्र करून हे शहर झाले. त्या पाचांतल्या नाइल्स या गावी १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिन मूकपट काढण्यासाठी येऊन राहिला होता. एके काळी हा सगळा भाग फळबागांचा आणि भाजीपाल्याचा. आता बागा गेल्या, त्या जागी घरे आणि कारखाने आले. आर्डनवुड नावाचे एक जुने शेत तेवढे राखून ठेवले आहे. तेथे शाळेची मुले शेती कशी असते ते पाहायला येतात, आपल्याकडची मुले प्राणिसंग्रहालयात जातात तशी! मी त्या शेतात दोन तास रमलो, हे वेगळे सांगायला नको. संध्याकाळी बागेत फिरायला गेलो की तेलुगू, पंजाबी आणि मराठीही कानांवर पडते. टेस्ला कंपनीचा विजेच्या मोटारींचा मोठा कारखाना याच गावात आहे, त्यामुळे रस्त्यावर विजेच्या मोटारी मोजता मोजता आपण दमून जातो.

लेकीच्या दारात अशा दोन मोटारी उभ्या होत्या. एक नवी, जावईबापूंनी घेतलेली. दुसरी जपानी बनावटीची, २०१३ सालची, लेकीने २०१८ मध्ये जुन्यात घेतलेली. आता तिचे काम संपले होते आणि ती धर्मादाय द्यावी असे लेकीच्या मनात होते.

आता ही विजेची मोटार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तिच्या पोटाखाली बॅटरी असते. या गाडीची बॅटरी नवी असताना २४ युनिट वीज घेई. तुमचा पाच अश्वशक्तीचा पंप तेवढ्या विजेवर सुमारे सहा तास चालेल. एवढ्या विजेत नवी गाडी साधारण १२० किलोमीटर जायची. पण बॅटरी वर्षागणिक म्हातारी होते. गाडीत समोर दोन मापे दिसतात. एक माप आज किती वीज भरली आहे ते सांगते. दुसऱ्यात बारा बारीक कांड्या असतात, त्या बॅटरीची ताकद किती उरली ते सांगतात. म्हणजे पहिले माप घागरीतल्या पाण्याचे आणि दुसरे घागर केवढी राहिली त्याचे. लेकीच्या गाडीच्या बारांपैकी आठ कांड्या उरल्या होत्या. घागर काठोकाठ भरली तरी आता दोन तृतीयांशच पाणी मावणार. गाडी रंगाने लख्ख होती, आसने शाबूत होती, आवाज तर मुळीच नाही. पाहणाऱ्याला वाटावे, काय सुंदर गाडी ही! बैलबाजारात शिंगे रंगवलेला बैल पाहून नवख्या माणसाला वाटते ना, तसे.

त्या देशात जुनी मोटार दान देणे ही मोठी रूढ गोष्ट आहे. अनाथाश्रम, अंधांच्या संस्था, प्राण्यांच्या संस्था, फार काय, लोकांच्या वर्गणीवर चालणारी नभोवाणी केंद्रेही जुन्या गाड्या स्वीकारतात. दूरध्वनी करायचा, मालकीच्या कागदावर सही करायची, की ओढगाडी येऊन फुकट घेऊन जाते. मला वाटले, ती गाडी एखाद्या गरजूच्या दारी जात असेल. तसे क्वचितच होते. बहुतेक गाड्या लिलावात जातात. लिलाव करणाऱ्या मध्यस्थाचा खर्च वजा जाऊन उरेल ती रक्कम संस्थेला मिळते. देणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळते, आणि खरी मेख तेथेच होती. पूर्वी लोक गाडीची किंमत स्वतःच फुगवून लिहीत. २००३ साली तेथील सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीने ५४ दानांचा माग काढला. तेव्हा दिसले की सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत, देणाऱ्याने जी किंमत सांगितली तिच्या शेकडा पाच किंवा त्याहूनही कमी पैसे संस्थेच्या हाती पडले होते. मग २००४ मध्ये कायदा केला आणि २००५ पासून नियम आला. ५०० डॉलरांहून अधिक किंमत सांगायची असेल, तर गाडी प्रत्यक्षात लिलावात जेवढ्याला गेली तेवढीच सूट. संस्था ती गाडी स्वतःच्या कामाला वापरणार असेल किंवा गरिबाला नाममात्र किमतीत देणार असेल, तर बाजारभावाने सूट.

हे वाचून हसू नका. दुभती गाय घरात ठेवून आटलेली दान देणारे आपल्याकडेही होऊन गेले. कीर्तनात तुम्ही नचिकेत्याचे आख्यान ऐकले असेल. बाप यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई ब्राह्मणांना देऊ लागला, तेव्हा त्या पोराला राहवले नाही. फार जुने दुखणे आहे हे.

आमच्या लेकीला करातल्या सुटीशी देणेघेणे नव्हते. तिचा बेत निराळा होता. आमची दोन वर्षांची नात ज्या पाळणाघरात जाते, तेथे मुले सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, मूळच्या मेक्सिकोच्या. त्या राहतात ट्रेसी या गावी, फ्रीमाँटपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, डोंगरापलीकडे. अलीकडे घरभाडे परवडत नाही म्हणून हजारो कष्टकरी माणसे अशी डोंगरापलीकडे राहतात आणि रोज इकडे कामाला येतात. बाई पहाटेच्या आगगाडीने येत. ही गाडी सकाळी स्टॉक्टनकडून निघते, ट्रेसी आणि फ्रीमाँटवरून सॅन होजेला जाते, आणि दुपारनंतर परतते. दुपारी बारा वाजता घरी मूल तापाने फणफणले तर परतायला गाडी नाही. तसे एकदा झालेही होते. तेव्हापासून लेकीने ठरवले, की ही मोटार या बाईंनाच द्यायची. तिने दोनदा विचारले, बाईंनी दोन्ही वेळा हात जोडून होकार दिला.

हे सांगताना लेकीचा चेहरा फुलला होता. मलाही अभिमान वाटला. पण सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, पण तिच्या दारात बांधायला खुंटा आहे का?"

"कसला खुंटा, आई?"

"ही गाडी रात्रभर भिंतीला बांधून ठेवता ना तुम्ही, तो. तिच्याकडे आहे का तसा?"

लेक गप्प झाली. हे तिने विचारलेच नव्हते. मी म्हटले, "आपण असे करू. रविवारी याच गाडीने त्यांच्या घरी जाऊन येऊ. बाईंचा रोजचा रस्ता गाडीला झेपतो की नाही तेही कळेल." आम्ही शेतीखात्यातली माणसे, नवे वाण द्यायचे तर आधी प्रात्यक्षिक घ्यावे, ही आमची सवय.

रविवारी सकाळी रात्रभर भरलेली गाडी घेऊन आम्ही निघालो. लेक चालवत होती. फ्रीमाँट सोडले की सुनोलकडे चढ लागतो. दोन्ही बाजूंना गोल गोल टेकड्या, पावसाळ्यानंतरचे हिरवे गवत पिवळे पडू लागलेले आणि त्यावर काळी गुरे चरताना. पाऊस तेथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून आपल्याकडे माळ जळतो त्या दिवसांत तेथेही माळ पिवळाच. मी गुरे मोजत होतो आणि लेक समोरचे माप बघत होती. त्या रस्त्यावर सगळ्या गाड्या ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळतात. हळू जावे तर मागून मालमोटार अंगावर येते, जोरात जावे तर वीज भराभर खाल्ली जाते. लिव्हरमोर गाव आले तेव्हा निम्म्याहून अधिक घागर रिकामी झाली होती आणि खरा घाट पुढेच होता.

लिव्हरमोर हे द्राक्षांचे गाव. मला बागा पाहायच्या होत्या, पण पाहिले ते चार्जिंगचे ठिकाण. दोन यंत्रे होती. एक बंद, दुसऱ्यावर दुसऱ्याची गाडी. त्यातून या जुन्या गाडीचे वीज घेण्याचे तोंड निराळ्या पद्धतीचे. तिला चाडेमो म्हणतात. जपानी लोकांनी ते नाव ठेवताना एक गंमत केली आहे; त्यांच्या भाषेत त्यातून 'चहा घेता का?' असेही सुचवले जाते, कारण चहा होईतो गाडी भरावी. अमेरिकेत नव्या गाड्यांना आता दुसऱ्या धाटणीची तोंडे आली, त्यामुळे चाडेमोची यंत्रे कमी होत चालली आहेत. आमचा चहा सव्वा तासाचा झाला.

मग आल्टामाँटचा घाट. उंची फार नाही, समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपास; आमच्या सह्याद्रीपुढे ते लेकरू. पण वारा मात्र असा की मोटारीचे दार उघडताना दोन्ही हात लावावे लागतात. १९८० नंतर येथे हजारो पवनचक्क्या उभ्या केल्या. त्या लहान आणि दाट होत्या, त्यांच्या पात्यांत सापडून गरुड मरू लागले, तेव्हा पुष्कळशा काढून त्या जागी थोड्या पण उंच चक्क्या बसवल्या. घाट उतरताना या गाडीचा एक गुण दिसला. उतारावर चाकेच मोटार फिरवतात आणि थोडी वीज उलट बॅटरीत जाते. लेक म्हणाली, "बघा बाबा, वाढतंय माप!" तिचा जीव भांड्यात पडला, पण माझा नाही पडला. कारण बाईंना पहाटे हाच घाट उलट दिशेने चढायचा होता, थंडीत, अंधारात, वेळेत.

घाटापलीकडे सॅन वाकीनचे खोरे उघडते. सपाट, अफाट, कालव्यांनी बांधलेले. बदामाच्या बागा अशा सरळ ओळींत की दोरी धरून लावल्यात. मे महिना लागला होता, झाडांवर हिरवे बदाम धरले होते, काढणी ऑगस्टपासून. ट्रेसी गावाच्या कडेला मात्र आता बागांऐवजी मैल मैल गोदामे. बाईंचा नवरा त्यांतल्याच एका गोदामात मुकादमामार्फत कामाला.

बाईंचे घर दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचे. गाड्या मागच्या मोकळ्या पटांगणात उभ्या राहतात. मी पटांगणाला चक्कर मारली. विजेचे बटण नाही, खांब नाही, काही नाही. बाईंची १९९८ सालची पेट्रोलची गाडी तेथेच धूळ खात उभी होती. त्या राज्यात बहुतेक पेट्रोल गाड्यांची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. ती गाडी त्यात नापास झाली होती, म्हणून बाई आगगाडीने येत.

वर गेलो. मक्याच्या गरम पोळ्या, राजम्यासारखी उसळ आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. सौभाग्यवती म्हणाल्या, हे तर आपलेच जेवण. बाईंचे वडील खुर्चीत बसले होते, सत्तरी ओलांडलेले. उभे आयुष्य टोमॅटो आणि चेरीच्या तोडणीत गेलेले. हाताची बोटे पाहिली आणि मला आमच्या ऊसतोडणीच्या मजुरांची आठवण झाली. ते स्पॅनिश बोलत, बाई त्याचे इंग्रजी करीत, लेक त्याचे मराठी करी. जेवण झाल्यावर ते म्हणाले, गाडी दाखवा.

खाली येऊन त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. टायर दाबून पाहिले. मग विचारले, "एका दमात किती चालते?" लेकीने खरे सांगितले, आता पंच्याहत्तर किलोमीटर, तेही सपाटीवर. म्हातारा थोडा थांबला.

"आणि रात्री कुठे खाते?"

लेक काही बोलली नाही. बाईच घाईघाईने म्हणू लागल्या, मी करीन काहीतरी, गावातल्या दुकानापाशी यंत्र आहे, तेथे रात्री दोन तास थांबेन. तेव्हा वडील त्यांच्या भाषेत काहीतरी कडक बोलले आणि बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. लेकीने अर्थ विचारला तर बाई सांगेनात. मला विचारायची गरज वाटली नाही. पाळणाघरातल्या मुलाची आई स्वतः होऊन मोटार देते आहे, तिला नाही कसे म्हणायचे? त्या होकारात गरज होती तेवढाच संकोच होता. आम्ही ती गाडी तशीच देऊन आलो असतो, तर बाईंनी ती हसत घेतली असती, नोंदणीचे आणि विम्याचे पैसे भरले असते आणि एखाद्या पहाटे घाटात अडकल्या असत्या. नवी बॅटरी टाकायची तर हजारो डॉलर, गाडीच्या किमतीहून जास्त. मला आमच्या तालुक्यातली एक शाळा आठवली. शहरातल्या पाहुण्यांनी तिला जुने संगणक भेट दिले, फोटो काढले, आणि शाळेत वीज आहे का हे विचारायचे राहून गेले. त्या समारंभाला मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

लेकीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाबा, मी उपकार करायला निघाले होते की अडगळ टाकायला?" मी म्हटले, "ते राहू दे. त्या धूर सोडणाऱ्या गाडीचे कागद मागव आधी."

कारण मी मगापासून दुसराच विचार करत होतो. सरकार म्हटले की योजना असणारच! लेकीने मोबाईलवर शोधले आणि निघालीच. सॅन वाकीन खोऱ्याच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाची योजना आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने जुनी, फार धूर करणारी गाडी मोडीत द्यायची आणि कमी धुराच्या गाडीसाठी अनुदान घ्यायचे. मग काय, मी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि तीस वर्षे करतो तेच काम केले. उत्पन्नाचा पुरावा? राहण्याचा पुरावा? गाडी कोणाच्या नावावर? नोंदणी कधीपासून? भाषा परकी, पण अर्ज ओळखीचा. अडले ते एका ठिकाणी: नवऱ्याचा मुकादम मजुरीचा कागद देत नव्हता. जगात मुकादम सगळीकडे सारखाच.

आता लेकीच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. तिने ती जवळच्या एका सामुदायिक महाविद्यालयाला दिली. तेथे मोटार दुरुस्तीचा वर्ग आहे आणि विजेच्या गाड्यांचे काम शिकायला मुलांना खरीखुरी गाडी हवी होती. मी तेथे गेलो होतो. अशा बॅटरीत साडेतीनशेच्या वर व्होल्ट असतात, म्हणून मुले जाड रबरी हातमोजे घालून काम करतात, आणि धोक्याच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. आठ कांड्यांची बॅटरी पाहून शिक्षकांना वाईट वाटेल अशी माझी समजूत. ते तर खूश झाले. म्हणाले, निरोगी बॅटरी काय शिकवणार? थकलेलीच हवी. लेकीला करात काही सवलत मिळाली नाही, कारण २०१८ पासून तेथे सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली आणि तिच्यासारख्यांना दानाचा वेगळा हिशेब दाखवण्यात फायदा उरला नाही. गाडी दिल्यावर मात्र पाच दिवसांच्या आत तिने मोटार खात्याला कळवून टाकले. हे तुम्हांला मुद्दाम सांगतो. आपल्याकडे किती जण मोटारसायकल विकतात आणि फॉर्म २९ नि ३० वर सही करून निवांत बसतात! पुढे अपघात झाला की पोलीस दारात येतात ते जुन्या मालकाच्या.

थकलेली बॅटरी म्हणजे भंगार नव्हे, हेही मला तेथे नीट समजले. मोटार ओढायला ती कमी पडते, पण एका जागी बसून वीज साठवायला चालते. कॅलिफोर्नियातच लँकेस्टर येथे हजाराहून अधिक जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या एकत्र मांडून दिवसाची सौर वीज संध्याकाळसाठी साठवतात. तुमच्या गावांत आता विजेच्या दुचाकी आल्या आहेत. त्यांची बॅटरी निकामी झाली तर घरी फोडू नका, पोरांच्या हाती देऊ नका, ती पेट घेते. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे. विक्रेत्याकडे नेऊन द्या आणि पावती मागा.

आम्ही मे महिन्याच्या मध्यावर परतलो, तेव्हा बाईंचा अर्ज मजुरीच्या कागदासाठीच थांबला होता. मग पेरण्या आल्या, पावसाने ओढ दिली, मी माझ्या कामाला जुंपलो गेलो. दिवाळीत लेकीचा फोन आला. कागद मिळाला, अर्ज मंजूर झाला, धूर सोडणारी गाडी मोडीत गेली आणि बाईंनी एक वापरलेली, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी मोटार घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी वडिलांना शेजारी बसवून पटांगणात फेरी मारली. म्हाताऱ्याने परत तेच विचारले म्हणे, रात्री कुठे खाते?

"मिळेल तिथे," बाई म्हणाल्या, "आणि नाही मिळालं तर सकाळी पेट्रोल पंपावर."